चुकलेला टाका उसवायचा कधी आणि राहू द्यायचा कधी: हाताने कला शिकताना अपूर्णतेशी जमवून घ्यायची पद्धत

मी क्रोशे, म्हणजे एका आकडेदार सुईने करायचं विणकाम, शिकत होते तेव्हाची गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पहिलं मोठं काम म्हणून शाल घेतली होती, ८० खांबांची (खांब म्हणजे क्रोशेचा उंच टाका) रुंदी, ओळ संपली की फिरवायचं आणि परत खांब घालत यायचं, नक्षी वगैरे काही नाही. तर या शालीच्या पहिल्या वीस ओळी मी इतक्या वेळा उसवल्या की लोकरीचा पीळ सुटला, धागा केसाळ झाला आणि सुईत अडकायला लागला. उसवायचं कारण दरवेळी तेच, टाके सारखे नाहीत, एक घट्ट तर शेजारचा ढगळ. आणि एवढं करूनही शाल काही सरळ होईना, कडा आत आतच यायची. शेवटी एकदा बसून ओळीतले खांब मोजले. ८० चे ७१ झाले होते.

झालं असं होतं की ओळ संपताना शेवटचा खांब हा आधीच्या ओळीच्या सुरुवातीला घातलेल्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर घालायचा असतो, आणि तो माझ्याकडून दर दोन-तीन ओळींनी सुटत होता. ही खरी चूक, आणि तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी ज्यासाठी उसवत होते ते घट्ट-सैल टाके, त्यांचं म्हणाल तर लोकरीचं काम पूर्ण झाल्यावर ओलं करून, टाचण्या लावून, आकारात ताणून वाळवलं की ते बरेचसे आपोआप सारखे होतात (ॲक्रिलिक धाग्यात हा फरक कमी पडतो, पण खऱ्या लोकरीत चांगला पडतो). म्हणजे जे राहू द्यायला हवं होतं ते मी उसवत बसले आणि जे उसवायला हवं होतं ते तसंच ठेवलं.

"परफेक्ट नसलं तरी चालतं" हे आपल्याला सगळेच सांगतात. पण काय चालतं आणि काय नाही चालत हे कुणी सांगत नाही, आणि नवीन माणसाला नेमकं तेच कळत नसतं. म्हणून हा लेख. चित्रकला, भरतकाम, विणकाम, माती, लाकूड, तुम्ही काहीही शिकत असाल तरी पद्धत तीच आहे.

चूक दिसली की आधी तिची जात ओळखा

हात कामावरून उचला. खरंच उचला, सुई खाली ठेवा, ब्रश पाण्यात टाका. मग बघा की चूक या तिघांपैकी कुठली आहे.

पहिली, कामाचा जीव घेणारी चूक. म्हणजे अशी की ती तशीच ठेवली तर पुढचं सगळं काम वाकडं होत जाईल किंवा वस्तू वापरताना तुटेल. क्रोशेमध्ये सुटलेला खांब, दोन सुयांच्या विणकामात गळालेला टाका (तो खाली शिडीसारखा उसवत जातो), शिवणात शिवणीच्या बाहेर फारच कमी कापड राहणं, मातीच्या कपाचा कान नुसताच चिकटवलेला असणं, लाकडाच्या सांध्यात फट असणं, चित्रात डोकं आणि धड यांचं प्रमाणच चुकलेलं असणं. इथे अपूर्णता वगैरे काही नाही, इथे मागे जायचं आणि आत्ताच जायचं, कारण दहा ओळींनंतर मागे जाणं दहा पट जिवावर येतं.

दुसरी, हाताची चूक. रेघ थरथरली, टाके लहानमोठे आले, कपाची भिंत एका बाजूला जाड झाली, रंगाची कड जराशी बाहेर गेली. ही चूक उसवून दुरुस्त होत नाही कारण ती कामात नाहीये, हातात आहे, आणि हात अजून बसलेला नाही. तुम्ही उसवून परत कराल तर तोच हात तेच करणार. ही फक्त पुढच्या शंभर टाक्यांनी सुधारते. म्हणून पुढे चला.

तिसरी चूक ही खरं तर चूक नसते, ते साहित्याचं स्वतःचं वागणं असतं. ओल्या रंगात पाणी शिरून झालर उमटली, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) एका बाजूला जास्त ओघळलं, लाकडात मध्येच गाठ निघाली, हाताने रंगवलेल्या लोकरीत गडद पट्टा आला. आपण ठरवलं नव्हतं म्हणून ते चुकीचं वाटतं. इथे नियम एकच, ओलं असताना निर्णय घ्यायचा नाही. वाळू द्या, थंड होऊ द्या, दुसऱ्या दिवशी बघा.

ओळखता येत नसेल तर मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. ही चूक पुढच्या ओळीत, पुढच्या थरात वाढत जाणार आहे का? आणि हात लांब करून, म्हणजे साधारण दोन फुटांवरून बघितलं तर ती दिसते का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर उसवायचं. पहिल्याचं नाही आणि दुसऱ्याचंही नाही, तर सोडून द्यायचं, बोलायचंसुद्धा नाही तिच्याबद्दल. वाढत नाही पण दिसते, अशी असेल तर वहीत लिहून ठेवायचं आणि काम पूर्ण झाल्यावर बघायचं. अर्ध्याहून जास्त चुका तोपर्यंत सापडतही नाहीत, शोधून बघा तुम्ही.

साहित्य असं घ्या की हात घाबरणार नाही, पण हरणारही नाही

महागडा कागद समोर आला की हात आखडतो हे खरंच आहे. कोरं पान खराब होईल या भीतीने लोक महिनोन्‌महिने वही उघडत नाहीत. पण याचा अर्थ सगळ्यात स्वस्त ते घ्या असा नाही, आणि इथे बरेच जण फसतात. जलरंगांसाठी साधा पातळ कागद घेतलात तर तो पाण्याने फुगून लाटा लाटा होणार, रंग खड्ड्यांत जाऊन साचणार, दोनदा ब्रश फिरवला की वरचा थर सुटून गोळ्या होणार, आणि तुम्हाला वाटणार आपल्याला जमतच नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण कधीकधी अंगण खरोखर वाकडं असतं. जलरंगांना निदान ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद घ्या, आणि खर्च वाचवायचा तर रंग कमी घ्या, तीन-चार रंग पुरतात. कागद मोठा घेऊन त्याचे पोस्टकार्डएवढे तुकडे करा. लहान तुकडा बिघडला तर बिघडला, शेजारी दुसरा तयार असतो.

भरतकामाला जुन्या सुती चादरीचा तुकडा चालतो, फक्त तो इतका विरलेला नको की सुईने भोकं पडतील. दोरा एका वेळी हातभर, म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर घ्या. लांब दोरा घेतला की तो घासून पिसारतो, गाठी पडतात, आणि मग त्या गाठींचा दोष आपण आपल्या हाताला देतो. क्रोशेला फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्या. काळी लोकर किंवा केसाळ लोकर सुरुवातीला नकोच, त्यात टाका दिसत नाही, आणि दिसत नाही ते मोजता येत नाही.

मातीचं काम करणाऱ्यांचं नशीब याबाबतीत चांगलं आहे. भाजेपर्यंत माती परत मातीच होते. न आवडलेला कप पूर्ण, अगदी खडखडीत वाळू द्या आणि पाण्यात टाका, विरघळून गाळ होतो, तो कापडावर पसरून परत मळायचा. अर्धवट ओला तुकडा मात्र पाण्यात नीट विरघळत नाही, गोळे राहतात, म्हणून आधी पूर्ण वाळू द्या. एकदा भट्टीत गेला की मग हा मार्ग बंद. हे माहीत असलं की हात मोकळा होतो.

रोज सुरुवातीला असं काहीतरी करा जे परफेक्ट होऊच शकत नाही

दहा मिनिटं पुरतात. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो न बघता बाह्यरेषा काढण्याचा. समोर काहीही ठेवा, चप्पल, कात्री, स्वतःचा डावा हात. पेन्सिलचं टोक कागदावर टेकवा आणि मग नजर फक्त त्या वस्तूच्या कडेवर ठेवा, कागदाकडे बघायचंच नाही. डोळा कडेवरून मुंगीसारखा सरकेल तसतशी पेन्सिल सरकवायची. पेन्सिल उचलायची नाही. तीन-चार मिनिटं लागतात. निघतं ते चित्र वेडंवाकडं असणारच, अंगठा एकीकडे आणि मनगट तिसरीकडे, पण त्यातल्या एखाद्या बोटाच्या पेरावरची सुरकुती इतकी खरी आलेली असते की आपण बघून काढली असती तर ती आलीच नसती. कारण बघून काढताना आपण हात काढत नाही, हाताबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते काढतो.

ज्यांची रेघ थरथरते त्यांनी मनगट टेकवून हळू हळू काढायचं सोडा. हात कोपरापासून, मोठी रेघ असेल तर खांद्यापासून हलवा, कागदाला न टेकता हवेत दोनदा तोच मार्ग फिरवून बघा आणि तिसऱ्यांदा टेकवून एका दमात काढा. चुकीच्या जागी गेली तरी चालेल, तुटक तुटक नको. जागा नंतर सुधारते, पण घाबरत काढायची सवय लागली की ती सुटायला फार वेळ लागतो. विणकाम किंवा भरतकामवाल्यांनी रोज एक चार बोटं रुंदीचा तुकडा करावा जो काहीही होणार नाहीये, नुसता धावदोरा, साखळी टाका, नुसते मुके खांब (क्रोशेचे बुटके टाके). तो उसवायचा नाही, डब्यात टाकायचा.

मधला कुरूप टप्पा येणारच, तो ओलांडायची तयारी ठेवा

जवळजवळ प्रत्येक कामात एक वेळ अशी येते की ते सुरुवातीपेक्षाही वाईट दिसतं. जलरंगात पहिला फिका थर वाळला की सगळं धुतल्यासारखं, मेल्यासारखं दिसतं, कारण जलरंग वाळल्यावर फिके होतात आणि गडद भाग अजून आलेलेच नसतात. भरतकामात अर्ध फूल भरलं की ते डागासारखं दिसतं. विणलेला स्वेटर सुईवर असतो तेव्हा चुरगळलेल्या पिशवीसारखा असतो. याच टप्प्यावर लोक काम सोडतात, आणि मग घरात दहा अर्धवट वस्तू जमा होतात आणि वाटत राहतं की आपलं काहीच चांगलं होत नाही, पण चांगलं व्हायच्या जागेपर्यंत त्यातली एकही गेलेलीच नसते.

यावर माझा उपाय साधा आहे. काम सुरू करतानाच ठरवायचं की मत कधी बनवायचं. चित्रात, सगळ्यात गडद रंग लागल्याशिवाय नाही. क्रोशेत, ओलं करून, ताणून वाळवल्याशिवाय नाही. भरतकामात, रिंग काढून इस्त्री केल्याशिवाय नाही. त्याच्या आधी जे काही मनात येईल ते वहीत लिहा आणि पुढे जा.

आणि फाडायचं असेल तर दोन दिवस थांबून फाडा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १९०८ मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर आपली कमळांच्या तळ्याची निदान पंधरा चित्रं नष्ट केली होती, तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता आणि जगभर नाव झालेलं होतं. प्रदर्शन पुढे ढकलावं लागलं आणि १९०९ मध्ये ते ४८ चित्रांसह झालं. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की ही अस्वस्थता शिकाऊ माणसाचीच असते असं नाही, ती इतक्या मोठ्या माणसालाही सुटलेली नव्हती, त्यामुळे ती कधी जाईल याची वाट बघत बसू नका, तिच्यासकट काम करायला शिका. फाडलेलं चित्र परत येत नाही, कपाटात ठेवलेलं मात्र सहा महिन्यांनी बघता येतं.

बिघडलेलं सावरायचं कसं, हे माध्यमाप्रमाणे बदलतं

सावरता येतं हे माहीत असलं की भीती निम्मी होते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

जलरंगापासून सुरू करू. समजा आकाशाचा निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दिलाय. कागद आधी चकचकीत ओला दिसतो, मग हळूहळू ती चमक जाते. चमक गेलेली असते पण बोटाची मागची बाजू लावली तर कागद अजून गार लागतो, हा सगळ्यात धोक्याचा क्षण. तेव्हा भरलेला ओला ब्रश लावलात, किंवा ब्रशवरून एक थेंब पडला, की ते जास्तीचं पाणी आधीच्या रंगाला ढकलत बाहेर नेतं आणि जिथे ते थांबतं तिथे दातेरी कड उमटते, मध्ये फिकं आणि भोवती गडद झालर. पहिली प्रतिक्रिया म्हणजे ती पुसायला जाणं, आणि त्यानेच ती पसरते. काही करू नका. पूर्ण वाळू द्या. मग तिसऱ्या जातीचा विचार करा, ही झालर कुठे लांबच्या झाडीसारखी, ढगाच्या कडेसारखी वापरता येते का? येत असेल तर तिच्याभोवती चित्र फिरवा. नसेल येत तर स्वच्छ ओलसर (ओला नव्हे, ओलसर) ब्रश फक्त त्या गडद कडेवर दोन-तीनदा फिरवा आणि लगेच टिश्यूने टिपा, घासू नका. अल्ट्रामरीनसारखा निळा असेल तर बराच उचलला जातो, थॅलो निळा कागदात मुरतो, तो फारसा निघत नाही. त्यामुळे शिकताना आकाशाला उचलता येणारा रंग वापरलेला बरा.

ॲक्रिलिक किंवा तैलरंगात वरून परत रंगवता येतं ही फार मोठी सवलत आहे. पिकासोने १९०३-०४ च्या सुमारास काढलेलं म्हाताऱ्या गिटारवाल्याचं चित्र आहे, त्याच्याखाली आधी काढलेली एक बाई आहे, तिचा चेहरा नीट बघितला तर डोळ्यांनीही पुसटसा दिसतो आणि एक्स-रेमध्ये आणखी स्पष्ट. तुम्हीही ॲक्रिलिकचा फसलेला कॅनव्हास वाळू द्या, वर उठून आलेले जाड फटकारे पॉलिश पेपरने घासा, जेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या आणि नवीन सुरू करा. फक्त एक लक्षात ठेवा, ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, पण तैलरंगावर ॲक्रिलिक लावू नका, ते धरत नाही आणि पुढे सोलून निघतं.

भरतकामात उसवायचंच असेल तर दोरा मागून कापा आणि पुढून चिमट्याने तुकडे काढा, सुई उलटी ओवत लांबच लांब दोरा परत ओढू नका, कापड चुरगळतं आणि भोकं मोठी होतात. राहिलेली भोकं नखाने उभी-आडवी हलकेच घासली आणि पाण्याचा हात लावला की मिटतात. कापड टाक्याभोवती गोळा होत असेल, सुरकुत्या पडत असतील, तर दोरा फार ओढला जातोय, ही मात्र पहिल्या जातीची चूक, इस्त्रीने ती पूर्ण जात नाही, तेवढा भाग उसवा. उलट्या बाजूला गाठी दिसतात, दोरे इकडून तिकडे गेलेत, म्हणून उसवणार असाल तर नका उसवू. जोपर्यंत गडद दोरा फिक्या कापडातून पुढे दिसत नाही आणि वापरताना बोट अडकत नाही, तोपर्यंत मागची बाजू तुमची खासगी गोष्ट आहे.

विणकामात गळालेला टाका क्रोशाच्या सुईने शिडीच्या एकेका पायरीतून वर ओढून परत घेता येतो, अख्खं उसवायची गरज नसते. नक्षी अवघड असेल तर दर दहा-पंधरा ओळींनी एक वेगळ्या रंगाचा बारीक दोरा त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे काही चुकलं तर उसवणं त्या दोऱ्यापाशी येऊन थांबतं. आणि क्रोशेत प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबाला एकेक सेफ्टी पिन. माझ्या शालीला हे दोन पैशांचं शहाणपण पहिल्या दिवशी मिळालं असतं तर ती तीन महिने आधी झाली असती.

मातीत जोडकाम असेल तर दोन्ही तुकडे चामड्यासारखे घट्ट पण ओलसर असतानाच जोडायचे, दोन्हीकडे सुईने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, मध्ये मातीचा पातळ गाळ ज्याला स्लिप म्हणतात तो लावायचा आणि दाबायचं. मग प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवायचं, कारण कान बारीक असतो तो लवकर वाळतो आणि लवकर आकसतो, कप अजून ओलाच असतो, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. खडखडीत वाळलेल्या भांड्याच्या तड्यात ओली माती भरू नका, ती वाळताना आकसते आणि आजूबाजूची माती आधीच आकसून बसलेली असते, त्यामुळे तडा पुन्हा उघडतो. असं भांडं सरळ पाण्यात टाका आणि परत मळा.

लाकडात छोट्या फटीसाठी त्याच लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून भरतात. पण पॉलिश लावल्यावर गोंद असलेली जागा रंग वेगळा धरते आणि उठून दिसते, म्हणून आधी एका टाकाऊ तुकड्यावर करून बघा. वजन पेलणाऱ्या सांध्यात मात्र भुसा भरून वेळ मारून नेऊ नका.

आणि अपूर्णतेचा विषय निघाला की किंत्सुगीचं नाव येतंच, ती जपानची फुटलेली भांडी सोन्याच्या रेघांनी जोडायची पद्धत. तिचे फोटो बघून लोकांना वाटतं की चूक आपोआप सुंदर होते. तसं नाहीये. खरी किंत्सुगी उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने करतात, तो चीक उष्ण आणि दमट हवेतच घट्ट होतो, थर थर देत, मध्ये वाळवत, घासत काही आठवडे जातात आणि सोन्याची पूड सगळ्यात शेवटी येते. कच्च्या चिकाने अंगावर पुरळही येतो. म्हणजे भांडं फुटायला एक क्षण लागला आणि ते जोडायला महिना. मला हेच तिच्यातलं सगळ्यात मोठं वाटतं, की तडा लपवलेला नाही आणि त्याच्याकडे दुर्लक्षही केलेलं नाही. घरी करून बघायचं असेल तर इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा गोंद) आणि सोनेरी पूड वापरून करता येतं, फक्त असं भांडं शोभेला ठेवा, खाण्यापिण्याला वापरू नका.

एकच विषय दहा वेळा

एका चित्रात सगळं बरोबर करायचा हट्ट धरला की ते चित्र जड होतं. त्याऐवजी तीच वस्तू दहा तुकड्यांवर दहा वेळा काढा आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. पहिल्यात फक्त आकार, दुसऱ्यात फक्त सावली, तिसऱ्यात फक्त कडा कुठे तीक्ष्ण आणि कुठे धूसर. बाकीचं बिघडलं तर बिघडू द्या, कारण तो त्या दिवशीचा विषयच नाही.

डच चित्रकार व्हॅन गॉगने कलाकार व्हायचं ठरवलं १८८० मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, आणि पुढच्या दहा वर्षांत त्याने चित्रं आणि रेखाटनं मिळून दोन हजारांवर कामं केली. १८८५ मध्ये शेतकरी कुटुंबाचं रात्रीच्या जेवणाचं ते प्रसिद्ध चित्र काढण्याआधी त्याने शेतकऱ्यांची डोकी, हात यांचे ढिगाने अभ्यास केले होते. आणि एवढं करूनही त्याच्या मित्राने त्या चित्रातल्या माणसांच्या शरीररचनेवर सडकून टीका केली. चित्र तरीही राहिलं.

दहावा तुकडा पहिल्यापेक्षा चांगला असेलच असं नाही बरं का. बऱ्याचदा सहावा-सातवा सगळ्यात मोकळा असतो आणि नंतर हात दमतो. तेही कळायला दहा लागतातच.

मागच्या बाजूला तीन ओळी लिहा

काम पूर्ण झालं की, आवडलं असो नसो, मागे तारीख टाका आणि तीन ओळी लिहा. यात काय जमलं, काय नाही जमलं, आणि पुढच्या वेळी काय एकच गोष्ट बदलणार. एकच. "काहीच जमलं नाही" असं लिहायचं नाही, ते माहिती देत नाही. "डावीकडची सावली फार काळी, खालच्या थराचा रंग मेला" हे माहिती देतं. "कप वर पातळ, खाली जाड, बुडापासून माती पुरेशी वर ओढली नाही" हे माहिती देतं. ज्यांना आपलं काम बघितलं की नुसतं वाईट वाटतं आणि का ते सांगता येत नाही त्यांनी चित्र आरशात बघावं, उलटं झालं की कललेला चेहरा, वाकडं भांडं लगेच दिसतं. किंवा फोनवर फोटो काढून तो काळा-पांढरा करावा, गडद-फिक्याची गडबड एका नजरेत कळते. वाईट वाटण्याचं असं एखादं नेमकं कारण सापडलं की ते दुरुस्तीचं काम होतं.

दाखवायचं कुणाला आणि विचारायचं काय

"कसं झालंय?" असं विचारलं की "छान" एवढंच मिळतं, आणि घरच्यांकडून तर हमखास. नेमकं विचारा, की नजर आधी कुठे जाते, यातलं काय जवळ वाटतं आणि काय लांब, हा कप उचलताना कुठे खुपतो का. दाखवताना स्वतःच चुका दाखवायला सुरुवात करू नका. ही सवय जवळपास सगळ्यांना असते, समोरच्याने तोंड उघडायच्या आत आपण "इथे जरा बिघडलंय" म्हणतो, आणि मग त्याला तेवढंच दिसतं. गप्प बसा, बघू द्या. नेटवर दिसणाऱ्या चित्रांशी तुलना करायची असेल तर त्या माणसाचं सगळ्यात जुनं काम शोधा आणि त्याच्याशी करा.

कुठे तडजोड नाही

अपूर्णतेवर प्रेम म्हणून सगळंच चालवून घ्यायचं नाही. लहान मुलाच्या खेळण्याचे डोळे, बटणं नीट ओढून तपासायची, निघाली तर ती तोंडात जातात. जेवणाच्या भांड्याला आतून अन्नासाठी योग्य असलेलंच ग्लेझ हवं, आणि त्याला तडे नकोत. स्टूल डगमगायला नको. कुणी पैसे देऊन काही करून घेत असेल तर त्याला आधी दाखवा की हाताचं काम असं दिसतं, टाके असे येतात, मगच घ्या.

आणि "माझी स्टाईलच आहे ती" हे वाक्य जरा जपून वापरा. मी यासाठी एक कसोटी ठेवली आहे, की तेच मला दुसऱ्या प्रकारे करता येतं का? रेघ सरळही काढता येते आणि तरी मी ती वाकडी ठेवली, तर ती माझी निवड. सरळ काढताच येत नाही, तर ते अजून शिकायचं राहिलंय, आणि शिकायचं राहिलंय असं म्हणण्यात काही कमीपणा नाही.

त्या शालीचं सांगायचं राहिलं. मी ती नंतर उसवली नाही. ७१ खांब जिथे होते तिथून पुढे प्रत्येक ओळ ७१ चीच ठेवली, दोन्ही टोकांना पिना लावून, मोजत मोजत. शेवटी चारी बाजूंनी मुक्या खांबांच्या तीन ओळींची कड घातली, तिरक्या भागात एकेक टाका जास्त घेत, म्हणजे तिरकेपणा जरा झाकला जातो. ओली केली, टाचण्या लावल्या, दोन दिवस वाळवली. एका टोकाला ती अजून तीन-चार बोटं जास्त रुंद आहे आणि त्या टोकाची लोकर केसाळ आहे. थंडीत मी तेच टोक गळ्याशी घेते, ते जास्त मऊ आहे.